पुलाच्या पेटीतलं कार्ड

फेमी वेसेलिंगला ‘हे तुला जमायचं नाही’ असं सांगण्याची चूक मी आयुष्यात तीनदा केली, आणि तिन्ही वेळा तोंडावर आपटलो. पहिल्यांदा ती प्लास्टरमधल्या पायाने भोकं पाडायच्या मशीनवर जाऊन बसली. दुसऱ्यांदा तिने माझ्याच पुलाचं चाक हाताने फिरवून पूल उचलून दाखवला. तिसऱ्या वेळची ही हकिकत. ती सांगताना मला अजून स्वतःचा राग येतो, तेव्हा आवाज जरा चढला तर समजून घ्या.

मी राइंडर्ट. मेपल शहराच्या अलीकडे कालव्यावर आमचं गाव, आणि तिथल्या पुलावर मी अठ्ठावीस वर्षं होतो. जहाज आलं की घंटेचे चार ठोके द्यायचे, फाटक पाडायचं, पूल उचलायचा. फेमीचं घर माझ्या घरासमोर आहे. सकाळी दहाला तिच्याकडे कॉफी आणि कॉफीबरोबर एक बिस्किट. एकच. बिस्किट दिलं की ती डब्याला झाकण लावते, आणि त्या झाकणाकडे दुसऱ्यांदा बघणारा माणूस आमच्या भागात जन्माला आलेला नाही.

तिचा धंदा म्हणजे रस्त्यावर वाजवायच्या ऑर्गनची पुस्तकं. ऑर्गनवाला चाक फिरवतो ते सगळ्यांना दिसतं, पण सूर चाकात नसतात, पुस्तकात असतात. जाड पुठ्ठ्याची घड्याघड्यांची लांबलचक पट्टी, तिला हजारो भोकं, आणि एक भोक म्हणजे एक सूर. तिचा नवरा लामर्ट चाली बसवायचा आणि फेमी भोकं पाडायची. बेचाळीस वर्षं दोघांनी हेच केलं, आणि त्या बेचाळीस वर्षांची सुरुवात माझ्या पुलावर झाली याचा मला जरा माज आहे.

शहात्तर सालची गोष्ट. पूल वर, खाली वाळूचं जहाज अडकलेलं, दोन्ही काठांवर माणसं खोळंबलेली. लामर्ट पलीकडच्या काठावर ‘कोर्नेलिया’ घेऊन उभा होता. कोर्नेलिया म्हणजे आमच्या गावचा ऑर्गन. लोकांची करमणूक म्हणून त्याने चाक फिरवायला घेतलं. अलीकडे सायकलला टेकून उभी असलेली एक पोरगी पाण्यावरून ओरडली, “ओ, तिसऱ्या ओळीतला सूर चुकलाय.” खरंच चुकला होता. लामर्टने सगळं पुस्तक उलटंपालटं करून बघितलं आणि पूल खाली येताच तो आधी तिच्याकडे गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लग्नानंतर त्याचा खेळच झाला. दर नव्या चालीत लामर्ट मुद्दाम एक सूर चुकीचा घालायचा. पुठ्ठा कापायच्या आधी फेमीने तो पकडला तर आठवडाभर भांडी लामर्ट घासणार, नाही पकडला तर फेमी. तीनशे सतरा चालींत ती फक्त दोनदा हरली. लामर्टचे हात कायम साबणाने पांढरे पडलेले असायचे. आणखी एक त्याचा हट्ट होता. नवी चाल तो कुणाला पियानोवर वाजवून दाखवत नसे, गुणगुणतही नसे. पहिल्यांदा ऐकायची ती कोर्नेलियातूनच.

तीनशे अठरावी चाल त्याने इस्पितळातल्या पलंगावर बसवली. मांडीवर तो छोटा काळा लॅपटॉप, आणि फेमी आत आली की हा झाकण मिटणार. “काय रे ते?” तर म्हणे, “तुझी भांडी.” कोर्नेलिया तेव्हा दुरुस्तीला गेली होती, नव्या नळ्या बसायच्या होत्या, आणि चाल त्या नव्या नळ्यांसाठीच होती. लामर्ट मार्चमध्ये गेला. कोर्नेलिया परत यायला तीन वर्षं लागली. तीन वर्षं फेमीने त्या चालीला हात लावला नाही. ती म्हणायची, ऐकायची ती पुस्तकातून, एकदाच, नीट.

आणि यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी कोर्नेलियाला शंभर वर्षं होणार होती. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी फेमीने कपाटातून लॅपटॉप काढला.

आता या लॅपटॉपबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तो त्र्याण्णव सालचा, डॉसवर चालणारा. त्याच्या पोटात डिस्क-बिस्क काही नाही. बाजूला दोन फटी आणि दोन फटींत दोन कार्डं, पत्त्याच्या पानाएवढी पण जाड. एका कार्डात भोकं पाडायच्या मशीनला हुकूम देणारा प्रोग्रॅम, दुसऱ्यात लामर्टच्या चाली. या कार्डांची गंमत अशी की प्रत्येकात एक बटणाएवढा सेल असतो, आणि त्या सेलच्या जिवावर कार्डाची आठवण टिकते. सेल मेला की कार्ड कोरं.

लॅपटॉप सुरू झाला आणि त्याने स्क्रीनवर सांगितलं, दोन्ही कार्डांचे सेल संपत आलेत. फेमी बाजारात जाऊन नवे सेल घेऊन आली. आता तिच्या कामाच्या खोलीत भिंतीवर एक पाटी आहे, लामर्टच्या हातची: ‘आधी प्लग, मग हात.’ एक्क्याऐंशी साली मशीनची सुई लामर्टच्या बोटातून आरपार गेली, त्या दिवशी ती पाटी लागली. तेव्हापासून त्या घरात दिवा बदलायचा तरी आधी प्लग निघतो. फेमीने इमानदारीत प्लग काढला, लॅपटॉप बंद केला, प्रोग्रॅमचं कार्ड बाहेर काढलं, जुना सेल काढून नवा घातला.

कार्ड कोरं झालं. त्याचा सेल बदलायचा असतो तो लॅपटॉप चालू असताना, कार्ड आत असताना. म्हणजे त्या घरात चाळीस वर्षं जे करायचं नाही म्हणून शिकवलं, नेमकं तेच करायचं होतं.

मी दहाला पोचलो तेव्हा ती खुर्चीत बसून होती आणि कॉफी केलेली नव्हती. काय झालं ते तिने सांगितलं. मी म्हटलं, “प्रोग्रॅमच गेला ना? चाली तर आहेत?”

“आहेत. पण ते कार्ड बघ.”

दुसऱ्या कार्डात सेलचा जो छोटा खण असतो तो हिरवा पडून जाम झाला होता. जुना सेल आत झिरपला होता. खण ओढायला जावं तर अख्खं कार्ड हलत होतं. ती म्हणाली की तिने ते परत फटीत घातलं, लॅपटॉप लावला, आणि यादीत तीनशे अठरा दिसली. आता लॅपटॉप चालू आहे तोवर कार्डाला त्याचीच वीज मिळते. बंद केला की सगळा भार त्या सडक्या सेलवर, आणि तो महिनाभर टिकेल की मिनिटभर, हे कुणाला ठाऊक.

“मग?” मी विचारलं.

“मग बंद करायचा नाही.”

तिने बटणावर जखमेची चिकटपट्टी लावली. प्लगवर कागद चिकटवला: हात लावाल तर याद राखा. आणि त्या दिवसापासून तो लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर अखंड चालू राहिला. मी सांगतो, घरात तान्हं मूल असलं तरी लोक इतकं दबकून चालत नाहीत. केर काढतानासुद्धा ती वायरीला वळसा घालून जायची.

चाली त्या कार्डातून बाहेर काढायच्या कशा, हा प्रश्न होता. रिकामी झालेली फट होती. तिच्यात हल्लीचं, सेल न लागणारं कार्ड बसतं, कॅमेऱ्यात असतं तसलं, फक्त एका चौकटीत घालून द्यावं लागतं, एवढं फेमीने शोधून काढलं. कसं काढलं ते विचारू नका. एकोणसत्तराव्या वर्षी तिने शाळकरी वही आणली आणि डॉसचे हुकूम पाढ्यांसारखे लिहून पाठ केले. मी कॉफी पीत बसलो की माझ्याकडून ती तपासून घ्यायची, आणि मी चुकीचं वाचलं तर माझ्यावरच खेकसायची.

तिने कार्ड मागवलं ते चौसष्ट जीबीचं. लहान कार्ड आणि हे यांच्या किमतीत फारसा फरकच नव्हता, आणि जवळपास त्याच भावात हजारपट जागा मिळत असताना लहान घ्यायचं हे आमच्याकडे कुणाच्या मनाला पटणार? मलाही पटलं नसतं. लॅपटॉपने त्या कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फटीत काही नाही, एवढंच म्हणाला.

तेव्हा फेमीने ठरवलं की शनिवारी दुरुस्ती-कट्ट्यावर जायचं. शेजारच्या गावच्या सभागृहात दर शनिवारी म्हातारे लोक जमून लोकांचे टोस्टर आणि शिवणयंत्रं फुकटात दुरुस्त करून देतात. तिथे हिलब्रांड नावाचा एक टेलिफोन खात्यातला माणूस बसतो, जुन्या कॉम्प्युटरवर त्याचा जीव. पण लॅपटॉप न्यायचा कसा, चालू ठेवून? त्यात पेन्सिल सेल पडतात चार. त्यांच्यावर दोन तास चालेल, असं पुस्तिका म्हणत होती.

मग अशी वरात निघाली: पुढे फेमी, तिच्या सायकलच्या पुढच्या क्रेटमध्ये घोंगडीत गुंडाळलेला चालू लॅपटॉप, मागे मी. मध्ये माझाच पूल. आणि आम्ही पोचायला नि फाटक पडायला एकच गाठ पडली.

पूल आता माझ्या हातात नाही. दोन हजार चार सालापासून तो आपोआप चालतो. हल्ली तर चाळीस किलोमीटरवर एका खोलीत कुणीतरी स्क्रीनसमोर बसून तो चालवतो. खांबावर कॅमेरा आहे. लांबवर एक वाळूचं जहाज गोगलगायीच्या चालीने येत होतं, आणि त्यासाठी त्या शहाण्याने इतक्या आधी फाटक पाडलं होतं. मी असतो तर दहा सायकली आरामात सोडल्या असत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लॅपटॉपचा लाल दिवा लुकलुकायला लागला. दोन तास कसले? फेमीने स्वस्तातले सेल घातले होते, दुसरं काय.

मी कॅमेऱ्याकडे बघून हात नाचवले, नाही नाही ते बोललो.

“राइंडर्ट,” फेमी शांतपणे म्हणाली, “त्याला हात दाखवून काय होणार? ऐकू जात नाही त्याला. तू घोंगडी धर, वारा लागतोय. थंडीने सेल लवकर बसतात.”

मी दोन्ही हातांनी घोंगडी धरून उभा राहिलो. चौदा मिनिटं. बायामाणसं बघत होती. सभागृहात पोचल्या पोचल्या फेमीने एका माणसाच्या चालू टोस्टरचा प्लग उपटला आणि तिथे लॅपटॉप लावला. तो माणूस टोस्टर उचलून बाजूला झाला. तिचा चेहरा पाहून कुणीच बोललं नसतं.

हिलब्रांड माणूस चांगला. त्याने चौसष्टचं कार्ड हातात घेतलं आणि हसू दाबलं. म्हणाला, “बाई, हे म्हणजे चिमणीपुढे अख्खं गव्हाचं पोतं ठेवण्यासारखं झालं. तिला ते पोतं आहे हेच कळत नाही.” या लॅपटॉपला फार तर बत्तीस-चौसष्ट एमबीचं कार्ड समजतं, जीबीचं नाव काढू नका, असं त्याने समजावलं. त्याच्या डब्यात एक जरा लहान होतं, तेही त्याच्या नव्या कॉम्प्युटरवर तयार करून त्याने घालून पाहिलं. लॅपटॉपने स्क्रीनभर कचरा ओकला. नव्या कॉम्प्युटरची आखणी वेगळी, जुन्याची वेगळी. कार्ड लहानही हवं आणि त्याच काळात, त्याच पद्धतीने आखलेलंही हवं.

“असली कार्डं आता दुकानात नाहीत,” तो म्हणाला. “जुन्या यंत्रांच्या पेट्यांत असायची. पाणी उपसायचे पंप, रस्त्याचे सिग्नल, पूल.”

फेमीने माझ्याकडे पाहिलं. “तुझ्या पुलालाही पेटी होती ना?”

“होती. भंगारात गेली,” मी म्हटलं. “आणि फेमी, सोड आता. हे जमायचं नाही.”

झाली ती तिसरी चूक. पण खरी चूक तिच्या आधीच्या वाक्यात होती, कारण पेटी माझ्या शेडमध्ये होती.

सांगून टाकतो. चार साली ती राखाडी पेटी आली, पुलाच्या खोलीत माझ्या खुर्चीच्या जागी बसली, आणि मला केक नि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. अठ्ठावन्न वर्षांचा होतो. तेरा वर्षांनी त्या पेटीलाही कुणीतरी घरी पाठवलं. तिच्या जागी नवीन आली आणि ही भंगाराच्या डब्यात पडली. मी भरदिवसा हातगाडी घेऊन गेलो आणि तिला उचलून आणलं. का, तर मला ती माझ्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, धूळ खात पडलेली बघायची होती. कधीमधी जाऊन बघायचोही. म्हातारपणी माणूस असं काही करतो आणि कुणाला सांगत नाही. फेमीला तर नाहीच. ती हसली असती.

पुढचे नऊ दिवस ती माणसांच्या मागे लागली. पंपाच्या कचेऱ्यांना फोन केले, सिग्नल बदलणाऱ्या ठेकेदाराला गाठलं, एका ग्रीनहाउसवाल्याकडे बसने जाऊन आली. सगळीकडे एकच उत्तर, मागच्या वर्षी आल्या असतात तर. ती प्रत्येक नकार वहीत लिहायची, रेघ मारायची आणि पुढचा फोन लावायची. लॅपटॉप टेबलावर चालूच. आणि मी रोज दहाला तिच्यासमोर बसून मूग गिळत होतो. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता सांगणं आणखी कठीण होऊन बसलं. आधी खोटं बोललो ते हसू होऊ नये म्हणून, आणि नंतर खोटं बोललो होतो म्हणून.

दहाव्या दिवशी तिने मला कॉफी दिली, बिस्किट दिलं आणि फोन लावायला उठून गेली. डबा टेबलावर राहिला. उघडा.

मी त्या डब्याकडे बघत बसलो. पंचेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. लामर्टच्या अंत्यविधीला शंभर माणसं आली होती घरी, तेव्हाही तिने प्रत्येकाला बिस्किट देऊन झाकण लावलं होतं. बाई आतून मोडत चालली होती आणि तिला स्वतःला ते कळत नव्हतं. मला माझी इतकी शरम वाटली की हातातलं बिस्किट मी परत डब्यात ठेवलं. मी झाकण लावलं, उठलो आणि शेडमध्ये गेलो.

पेटी उघडायला स्क्रू सहा होते. आत एका कोपऱ्यात कार्ड होतं. बत्तीस एमबी. मी पेटी तशीच उघडी हातगाडीवर घातली आणि तिच्या दारात नेली. नुसतं कार्ड नेलं असतं तर अर्धंच खरं सांगितल्यासारखं झालं असतं.

फेमीने पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“भंगारात गेली होती म्हणालास.”

“भंगारातूनच आणली. माझ्याकडेच होती. तेव्हाही.”

“नऊ दिवस, राइंडर्ट,” एवढंच म्हणाली. आणि मग, “आत ये. पाय पूस.”

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कार्ड चौकटीत घातलं, चौकट फटीत सारली. फेमीने वहीतला हुकूम टाइप केला, एकेक अक्षर बोटाने हेरून. स्क्रीनवर यादी आली. कचरा नाही, नकार नाही, सरळ यादी: पुलाचा प्रोग्रॅम आणि तेरा वर्षांच्या नोंदी, पूल कधी उघडला, कधी मिटला. जे मी अठ्ठावीस वर्षं वहीत लिहायचो तेच.

“पुसून टाक ते,” मी म्हटलं. “सगळं.”

“का? चालींना कितीशी जागा लागते? कोपरासुद्धा भरायचा नाही. चांगलं आहे ते कशाला टाकायचं?” तिने पुढचा हुकूम दिला. लामर्टच्या कार्डातली एकेक चाल पुलाच्या कार्डात उतरायला लागली. तीनशे अठरा सगळ्यात शेवटी. ती उतरल्यावर फेमीने दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले, मग परत पाहिले, मग मला वाचायला लावले.

त्याच दिवशी हिलब्रांडला बोलावलं. बिस्किटाच्या दुसऱ्या एका डब्यात प्रोग्रॅमची जुनी फ्लॉपी होती, ती पुलाच्या कार्डासकट त्याने घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी पुलाच्या कार्डावर चालींच्या शेजारी प्रोग्रॅम बसवून आणला. चालींची एक नक्कल त्याने आपल्याकडेही ठेवली. तेव्हा कुठे फेमीने बटणावरची चिकटपट्टी काढली. तेवीस दिवसांनी लॅपटॉप बंद झाला.

मिनिटभराने तिने तो परत लावला आणि लामर्टचं जुनं कार्ड उघडून पाहिलं. कोरं. म्हणजे तो सेल कधीचाच मेलेला होता. म्हणजे त्या पुलावर, त्या चौदा मिनिटांत जर लाल दिवा विझला असता तर. मी खुर्ची ओढून बसलो. फेमीने जुनं कार्ड पुसून खणात ठेवलं आणि म्हणाली, “चला, पुठ्ठा काढते.”

पण लगेच भोकं पाडायला बसेल तर ती फेमी कसली. आधी खेळ. स्क्रीनवर ठिपके मांडून ती तीन दिवस चुकीचा सूर शोधत होती. ओळीमागून ओळ, तोंडातल्या तोंडात मोजत. चौथ्या दिवशी तिने हात टेकले. म्हणाली, यात चूक नाहीच. मग जरा वेळाने, अगदी हळू, “आजारी होता. विसरला असेल.” एवढ्या सगळ्यात तिचे डोळे भरलेले मी तेव्हाच पाहिले. मग मशीन सुरू झालं आणि दोन दिवस आमच्या गल्लीत खटखटीशिवाय काही ऐकू आलं नाही.

गुरुवारी चर्चपुढच्या चौकात सगळं गाव होतं. कोर्नेलियाला नवा रंग दिलेला. फेमीने पुस्तक स्वतः लावलं, चाकावर ऑर्गन सांभाळणाऱ्या मंडळाचा माणूस उभा राहिला, आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, हातात पर्स घट्ट धरून.

चाल सुरू झाली ती घंटेने. टण, टण, टण, टण, टण. मग वाळूच्या जहाजासारखा सावकाश, जड वाल्ट्झ नाचाचा ठेका, आणि त्यात मध्येच शहात्तर सालची ती चाल, तिसऱ्या ओळीतल्या त्याच चुकलेल्या सुरासकट. फेमी हसली. तो सूर तिने स्क्रीनवरच ओळखला होता आणि मुद्दाम ठेवला होता, तो चूक म्हणून नव्हता, निरोप म्हणून होता. माझ्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं ते बरं झालं, कारण मी लहान पोरासारखा रडत होतो. माझी घंटा होती ती. लामर्टने माझा पूल घातला होता.

वाजून संपलं, टाळ्या झाल्या. फेमीने नाक पुसलं.

“एकही चूक नव्हती,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच.”

मी गप्प बसणार होतो. खरंच. पण एकदा गप्प बसून काय झालं ते ताजं होतं.

“फेमी, घंटा किती वाजली?”

“पाच.”

“मी चार द्यायचो. अठ्ठावीस वर्षं. चारच.”

तिने माझ्याकडे पाहिलं, कोर्नेलियाकडे पाहिलं. चेहरा एकदम उतरला. “कार्ड बिघडलं का? उतरवताना काही…”

“बिघडलं असतं तर कुठेही बिघडलं असतं. पाचवा ठोका अगदी तालात आहे. तो घातलेला आहे.” आणि मी म्हटलं, “तुला कळणारच नव्हतं. तू पुलावर कधी ठोके मोजलेस? त्या दिवशी तू त्याच्याकडे बघत होतीस.”

मला वाटलं ती रडेल. ती सरळ उभी राहिली, पर्स माझ्या हातात दिली आणि अंगातला कोट काढला. चर्चच्या स्वयंपाकघरात दीडशे माणसांचे कॉफीचे कप धुवायचे पडले होते. तिथल्या बाया म्हणाल्या, अहो फेमी, तुम्ही आज पाहुण्या, बसा. ती बाह्या वर सारत नळापाशी गेली.

“बाजूला व्हा,” म्हणाली. “मी हरलेय.”

आठवडाभर रोज सकाळी ती तिथे जायची, आणि आमची कॉफी साडेदहाला व्हायची.